कार्ड काढू नका, असं मी सांगत होते

२००८ सालचं ते पत्रक अजून माझ्याकडे आहे. पाठपोट छापलेलं, दाटीवाटीचं, कुठेही श्वास घ्यायला जागा नसलेलं. मजकूर माझाच. राष्ट्रीय स्वास्थ्य बिमा योजना गरिबांच्या नावावर विमा कंपन्यांची आणि खासगी दवाखान्यांची सोय करणार आहे, असं त्यात बारीक अक्षरात समजावून सांगितलेलं. परवा पुन्हा वाचलं. त्यातलं एकही विधान मागे घ्यावं असं वाटलं नाही. पत्रक बरोबर होतं. माझं चुकलं ते पत्रक वाटून झाल्यावर.

अमरावती जिल्ह्यातल्या एका तालुक्यात आमची छोटी संघटना आरोग्याच्या हक्कावर काम करायची. जन स्वास्थ्य अभियानाच्या गोतावळ्यातली. २००० साली कोलकात्याच्या जनस्वास्थ्य सभेतून हे अभियान देशभर उभं राहिलं. आरोग्यसेवा करातून चालावी, सरकारी दवाखान्यातून मिळावी आणि आजारी माणसापुढे पैशासाठी हात पसरू नये, ही भूमिका आम्हाला तेव्हापासून पाठ होती. भोर समितीनं १९४६ सालीच सांगितलं होतं की पैसे नाहीत म्हणून कोणाचे उपचार अडता कामा नयेत. साठ वर्षांनंतरही सरकार आरोग्यावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम एक टक्का खर्च करत होतं. त्यातलाच पैसा विम्याच्या हप्त्यात गेला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात उरणार काय? हा आमचा प्रश्न, आणि तो आजही खोटा नाही.

शिवाय आमच्या हातात दुसरं काम होतं, आणि ते रंगात आलं होतं. सरकारच्या ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून लोकाधारित देखरेख सुरू झाली. महाराष्ट्रातल्या पहिल्या पाच जिल्ह्यांत अमरावती होता. गावसमितीनं उपकेंद्राला गुण द्यायचे, नर्स येते का, औषध मिळतं का, पैसे मागतात का ते तक्त्यात भरायचं आणि मग जनसुनावणीत तालुका आरोग्य अधिकाऱ्यासमोर उभं राहून बोलायचं. ज्या बायका दवाखान्याच्या ओट्यावर बसायलाही कचरायच्या, त्या माइक हातात घेऊन औषधांच्या साठ्याचा हिशोब मागायला लागल्या. या कामानं आम्हाला थोडी मस्ती आली होती, हेही सांगून टाकते.

अशा वेळी विम्याचं कार्ड आलं. योजना केंद्राच्या कामगार मंत्रालयाची. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातल्या पाच जणांना मिळून वर्षाला ३० हजारांपर्यंतचे दवाखान्यात भरती होऊन घ्यायचे उपचार, नोंदणीचे ३० रुपये कुटुंबानं द्यायचे, हप्ता केंद्र आणि राज्य भरणार. कंपनीची माणसं लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन गावात यायची, फोटो काढायची, कार्ड तिथंच छापून द्यायची.

लोक आम्हाला विचारायचे, कारण रेशनपासून रोजगार हमीपर्यंत ते सगळंच आम्हाला विचारायचे. कापूस वेचणीला जाणारी एक बाई आमच्या बैठकांना नियमानं यायची. तिनं सरळ विचारलं, "ताई, मंग हे कारड काढू का नोको?" आता याचं उत्तर अगदी सोपं होतं. काढ, ३० रुपयेच तर आहेत, आणि दवाखान्यात काय होतं ते आम्हाला येऊन सांग. मी मात्र तिला अर्धा तास राजकारण सांगितलं. सरकारी दवाखाना मोडून काढायचा डाव कसा आहे, कंपनी नफा कुठून काढते, अमेरिकेत काय झालं. तिनं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "तुमी नोको म्हणता तं नाई काढत." मला ते संघटनेचं यश वाटलं. त्या वस्तीतल्या बऱ्याच घरांनी त्या फेरीत कार्ड काढलं नाही, आणि तालुक्याच्या बैठकीत मी हे अभिमानानं सांगितलं.

पुढच्या हंगामात तिच्या नवऱ्याचा हर्निया अडकला. सरकारी रुग्णालयात त्या दिवशी भूल देणारा डॉक्टर नव्हता. खासगीत ऑपरेशन झालं. पैसे कृषी केंद्रवाल्याकडून उचलले, येणाऱ्या कापसावर. मी भेटायला गेले तर तिनं चहा केला आणि ऑपरेशनचं सगळं सांगितलं, कार्डाचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. घरी येताना मी मनाशी हिशोब मांडला: त्या दवाखान्यात ते कार्ड चाललं असतंच असं कुठं आहे? यादीत नाव सापडत नाही, यंत्र बंद असतं, दवाखाना म्हणतो कोटा संपला. हे सगळं खरंच व्हायचं. पण तिच्या घरापुरता तो निर्णय मी घेतला होता, आणि त्याची किंमत ती भरत होती. मला ना दारिद्र्यरेषा लागू होती, ना कृषी केंद्रवाल्याचं व्याज. माझ्या नवऱ्याच्या बँकेच्या नोकरीतून आम्हा दोघांचा विमा होता. ही गोष्ट मी तेव्हा कोणाला सांगत नसे.

पुढं अजून वाईट आहे. २०१२ च्या सुमाराला बिहार आणि छत्तीसगडमधून बातम्या आल्या की विम्याच्या कार्डावर पैसे मिळतात म्हणून काही खासगी दवाखान्यांनी बायकांची गर्भाशयं गरज नसताना काढली. पोटदुखी घेऊन गेलेल्या तरुण बायका. त्या बातम्या वाचून मला आधी काय वाटलं असेल? बघा, आम्ही सांगत होतो. कात्रणं काढून मी फाइल केली, भाषणांत वापरली. टाळ्याही घेतल्या. त्या बायकांचं पुढं काय झालं, त्यांच्या तक्रारी कोणी लिहून घेतल्या का, आमच्या जिल्ह्यात असं काही घडतंय का, हे तपासायला मी उठले नाही. आपलं भाकीत खरं ठरल्याचा आनंद दुसऱ्याच्या शरीरावर साजरा करता येतो, हे मला माझ्याकडूनच कळलं.

त्याच्या थोडं आधी, २०११ मध्ये, आम्हाला वाटलं होतं की आपण जिंकलो. नियोजन आयोगानं नेमलेल्या डॉ. श्रीनाथ रेड्डी यांच्या तज्ज्ञ गटाचा सार्वत्रिक आरोग्यसेवेवरचा अहवाल आला. त्यात जवळपास आमचंच म्हणणं होतं. पैसा मुख्यतः करांतून उभा करा, सरकारी खर्च बाराव्या पंचवार्षिक योजनेअखेर राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर न्या, अत्यावश्यक औषधं मोफत द्या, सेवा विकत घेण्याचं काम विमा कंपन्यांकडे देऊ नका. आम्ही त्या अहवालाचा मराठी सारांश केला, चर्चासत्रं घेतली. २०१२ मध्ये पंचवार्षिक योजनेचा आरोग्यावरचा मसुदा आला तेव्हा तो अहवालापासून बराच सरकला होता. मग निवेदनं, निषेध, पुण्यामुंबईच्या बैठका, दिल्लीला सह्यांची पत्रं. त्या वर्षी मी गावात कमी आणि रेल्वेत जास्त होते.

आणि त्याच महिन्यांत माझ्या जिल्ह्यात विम्याची दुसरी योजना उतरत होती. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली: गडचिरोली, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर, उपनगर आणि आमचा अमरावती. पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डवाल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत ९७२ प्रकारचे उपचार आणि शस्त्रक्रिया. सरकारनं विमा कंपनीला दर कुटुंबामागं वर्षाला ३३३ रुपये द्यायचे. सुरू होण्यापूर्वी जिल्हा पातळीवर एक बैठक झाली, संस्थांनाही निरोप होता. मी गेले नाही. गेले नाही एवढंच नाही, आम्ही बहिष्काराचं पत्र दिलं, आणि ते वर्तमानपत्रात छापून आणलं.

त्या बैठकीला कोण कोण बसलं ते नंतर कळलं. दवाखान्यांचे मालक होते, कंपनीचे प्रतिनिधी होते, कागद तपासणाऱ्या मध्यस्थ संस्थेची माणसं होती. रुग्णांच्या बाजूचं कोणी नव्हतं, कारण रुग्णांच्या बाजूचे म्हणवणारे आम्ही बहिष्कारावर होतो. दर मुंबईत ठरणार होते, ते आमच्या हातात नव्हते. पण कोणते दवाखाने यादीत घ्यायचे, रुग्णांना मदत करणारा आरोग्यमित्र कुठं बसवायचा, तक्रार कुठं द्यायची आणि ती कोण वाचणार, धारणीच्या माणसानं काय करायचं, हे प्रश्न जिल्ह्यातच विचारता आले असते. धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या घरात, मधे घाट. कोरकू बाईनं लेकराला घेऊन कार्ड कुठं दाखवायचं, हे विचारायला त्या खोलीत एकही तोंड नव्हतं.

माझी खरी चूक कोणती, याचा मी बराच विचार केलाय. विम्याला विरोध करणं ही ती नाही. जनसुनावणीचं हत्यार आमच्या हातात होतं, आम्ही ते चालवायला शिकलो होतो, आणि खासगी दवाखान्यासमोर ते बाहेर काढायला मी नकार दिला. कार्यकर्त्यांनी सुचवलं होतं. उपकेंद्राच्या नर्सला आपण औषधांच्या गोळ्यागोळ्यांचा हिशोब विचारतो, मग सरकारचा पैसा घेऊन ऑपरेशन करणाऱ्या दवाखान्याला का नाही? मी म्हणाले, त्यांची सुनावणी घेतली म्हणजे योजना मान्य केल्यासारखं होईल. वा! म्हणजे सगळ्यात कमी पगाराच्या सरकारी बाईला आम्ही गावासमोर उभं करत होतो आणि कोट्यवधींचे क्लेम घेणाऱ्याला तत्त्वाच्या नावाखाली सोडत होतो. एका नर्सनं एकदा मला हे तोंडावर ऐकवलंही. तेव्हा मला तो तिचा बचाव वाटला.

राजकारणाबद्दलची माझी समजूतही तितकीच कच्ची होती. माझ्या डोक्यात सोपं कोष्टक होतं: उजवे विम्याच्या बाजूनं, डावे विरोधात, काँग्रेस दोन्हीकडे. आणि आमदार-मंत्री विम्याच्या मागं लागतात ते एकतर टक्केवारीसाठी नाहीतर अडाणीपणानं. हे कोष्टक एका आमदाराच्या पीएनं मोडलं. कामानिमित्त त्यांच्या कार्यालयात बसले होते, बाहेर ऑपरेशनच्या मदतीची पत्रं घ्यायला माणसांची रांग. मी तावातावानं म्हटलं, एवढी शक्ती तुम्ही सरकारी दवाखान्यामागं का लावत नाही? तो हसला. "ताई, उपकेंद्राले डॉक्टर भेटला तं लोक म्हणतात सरकारनं देला. कारड भेटलं तं म्हणतात भाऊनं देलं." मग गंभीर होऊन म्हणाला की डॉक्टर आणायला आमदारानं तीन वर्षं पाठपुरावा करायचा, आणि आणलेला डॉक्टर सहा महिन्यांत बदली करून जातो. कार्डाचं तसं नसतं.

यात निर्लज्जपणा आहे, पण माहितीही आहे. आमच्या एकाही अहवालात ती नव्हती. कार्ड हा माणसाच्या हातातला दावा आहे. तो खोटा निघाला तर भांडायला काहीतरी हातात असतं. आरोग्य केंद्र सगळ्यांचं, म्हणून भांडायला कोणी नाही. त्या पीएनं मला शिकवलं की लोक त्या रांगेत फसून उभे नाहीत. त्यांनी हिशोब केलेला आहे.

त्यानंतर मी इतर राज्यांकडे नीट पाहिलं, तर पक्षांची माझी यादी कुठंच जुळेना. आंध्रात २००७ मध्ये राजशेखर रेड्डींच्या काँग्रेस सरकारनं आरोग्यश्री आणली आणि पुढच्या कुठल्याही पक्षाला ती बंद करता आली नाही. तमिळनाडूत द्रमुकनं २००९ मध्ये करुणानिधींच्या नावानं विमा आणला, जयललितांनी सत्तेवर येताच तो गुंडाळून मुख्यमंत्र्यांच्या नावानं नवा आणला. आमच्या राजीव गांधी योजनेचं १ एप्रिल २०१७ पासून महात्मा फुले जन आरोग्य योजना असं नामांतर झालं. पश्चिम बंगालनं २०१९ च्या सुरुवातीला केंद्राची आयुष्मान भारत सोडली ती विमा वाईट म्हणून नाही; लोकांना गेलेल्या पत्रांवर पंतप्रधानांचा फोटो होता, हे भांडण होतं, आणि राज्याची स्वतःची स्वास्थ्य साथी विमाच देत होती. काँग्रेसनं २०१९ च्या जाहीरनाम्यात विमा हा आरोग्यसेवेचा मुख्य मार्ग होऊ शकत नाही अशी भूमिका घेतली. आम्ही टाळ्या वाजवल्या. राजस्थानात त्याच पक्षाच्या गेहलोत सरकारनं चिरंजीवी विमा आणला, तो वाढवत २५ लाखांवर नेला, आणि २०२४ च्या जाहीरनाम्यात तोच २५ लाखांचा विमा देशभर देण्याचं वचन आलं. (त्याच राजस्थान सरकारनं २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदाही केला आणि खासगी डॉक्टर रस्त्यावर आले. एकाच सरकारच्या एका हातात विमा आणि दुसऱ्या हातात हक्क, हे माझ्या कोष्टकात कुठं बसवायचं?)

पण मला सगळ्यात जास्त झोंबलं ते केरळ. तिथं २००८ मध्ये डाव्या आघाडीचं सरकार होतं. आम्ही इकडे कार्ड काढू नका म्हणत होतो तेव्हा त्यांनी केंद्राच्या त्याच योजनेला स्वतःची जोड दिली, दारिद्र्यरेषेच्या यादीत न बसणाऱ्या गरीब घरांनाही आत घेतलं, नोंदणीच्या कामात कुटुंबश्रीच्या बचत गटांच्या बायकांना लावलं. आणि सरकारी रुग्णालयांनाच योजनेत उतरवलं, म्हणजे कार्डाचा पैसा फिरून सरकारी रुग्णालयाच्या खात्यात येऊ लागला. तत्त्व म्हणून विम्याला विरोध करणाऱ्या पक्षाचं सरकार प्रत्यक्षात हे करत होतं. केरळचे सरकारी दवाखाने मुळात चांगले होते, बचत गटांचं जाळं होतं, आपल्याकडं ते नव्हतं, हे सगळं खरं. तरी आमच्या तालुक्याच्या रुग्णालयाला योजनेत घ्या, क्लेमच्या पैशातून भूलतज्ज्ञ आणा, अशी मागणी आम्ही निदान करू शकलो असतो. पुढं कित्येक वर्षं ती आम्हाला सुचली नाही.

चूक कळल्यावर माणूस दुसऱ्या टोकाला जातो. मीही गेले. २०१३ च्या शेवटी जीवनदायी योजना राज्यभर झाली आणि आम्ही मदतीचं टेबल मांडलं. रेशनकार्डावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळवून द्यायचं, आरोग्यमित्राला गाठायचं, मंजुरी येण्याआधीच्या तपासण्यांचे पैसे मागितले तर भांडायचं, बाहेरून आणायला लावलेल्या औषधांच्या पावत्या जपायला सांगायचं. काम उपयोगाचं होतं. हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन फुकट झालेली शाळकरी मुलगी परत आली तेव्हा सगळं टेबल रडलं. पण हळूहळू आम्ही आकडे मोजायला लागलो, आणि मोजत होतो ते फक्त झालेल्या ऑपरेशनांचे. टेबलावरून परत गेलेल्यांची वही आम्ही ठेवलीच नाही. पांढऱ्या रेशनकार्डवाला कर्जबाजारी शेतकरी परत जायचा. आत्महत्याग्रस्त म्हणून गणलेल्या चौदा जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना नंतर योजनेत घेतलं, तोवर किती जण परत गेले ते मला सांगता येणार नाही. रेशनकार्डच नसलेले पालावरचे लोक तर टेबलापर्यंत यायचेच नाहीत.

आणि ज्या आजारांना ऑपरेशन नसतं, ते आमच्या नजरेतूनच गेले. रक्तदाबाची गोळी, साखरेची गोळी, लेकराचा ताप, महिन्याला औषधाच्या दुकानात जाणारे पाच-सातशे रुपये. घरचा पैसा जास्त करून इथंच झिरपतो; या योजना भरती होण्यासाठी आहेत, ओपीडीच्या चिठ्ठीला त्यात जागा नाही. हे माझ्या २००८ च्या पत्रकात लिहिलेलं होतं! मीच ते विसरले. एका कार्यक्रमात व्यासपीठावरून मी म्हणाले की आता अर्धी लढाई जिंकली आहे. शेजारी लोकप्रतिनिधी बसले होते, फोटो चांगला आला. खाली बसलेली एक आशाताई नंतर म्हणाली, "अर्धी कोणती ताई? आमच्या केंद्रात बीपीच्या गोळ्या नाहीत महिन्यापासून."

२३ सप्टेंबर २०१८ ला रांचीत आयुष्मान भारत सुरू झाली. साडेदहा कोटींहून अधिक कुटुंबं, पाच लाखांचं कवच, यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेची. अभियानातल्या मित्रांनी पुन्हा टीका केली, ती बरोबरच होती. मी गप्प राहिले. दहा वर्षांपूर्वी बोलून चुकले होते म्हणून आता न बोलणं शहाणपणाचं वाटलं, तीही चूकच. सात वर्षं जुन्या यादीतून आमच्या तालुक्यातली कोणती घरं गळली, हे आम्ही त्याच महिन्यात गावोगाव वाचून काढू शकलो असतो. २०२३ मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल आला की जवळपास साडेसात लाख लाभार्थी एकाच, सगळे आकडे नऊ असलेल्या मोबाइल नंबरावर नोंदलेले आहेत. तेव्हा मी तो विनोद म्हणून पुढं पाठवला. एका तरुण सहकारी मुलीनं उलट विचारलं, मग आपल्या तालुक्याची यादी आपण कधी तपासली?

एवढ्या काळात एकदाच आम्ही वेळेवर बरोबर ठिकाणी होतो, तेही कोरोनाच्या संकटानं ढकलल्यामुळे. २१ मे २०२० च्या अधिसूचनेनं खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर सरकारनं बांधून दिले: साध्या विलगीकरण वॉर्डाचे दिवसाला ४ हजार, व्हेंटिलेटरशिवाय अतिदक्षता विभागाचे ७५००, व्हेंटिलेटरसह ९ हजार. त्याच सुमाराला फुले योजनाही सगळ्या रहिवाशांना खुली केली. राज्यात ठिकठिकाणी लोकांनी बिलं तपासली, अभियानाची राज्यातली शाखा असलेल्या जन आरोग्य अभियानानं आणि कोरोनात एकल झालेल्या बायकांसाठी काम करणाऱ्यांनी जादा घेतलेले पैसे परत मागितले. आम्हीही आमच्या भागातल्या विधवांची बिलं घेऊन बसलो. कोणी उपकार म्हणून पैसे परत केले नाहीत. दराचा कागद टेबलावर ठेवला की बोलण्याचा सूर बदलायचा. जानेवारी २०२१ मध्ये शुश्रूषागृहांच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावायची अट आली, तिची प्रत मी आता पर्समध्ये ठेवते. हे नियम ज्यांनी वर्षानुवर्षं चिकाटीनं मागितले, ते आमच्याच चळवळीतले होते. मी बहिष्काराची पत्रं लिहीत होते तेव्हा ते मसुद्यांवर दुरुस्त्या सुचवत होते, आणि मी त्यांना तडजोडवाले म्हणत होते. त्यांच्यातल्या दोघांची मी नंतर तसं बोलल्याबद्दल माफी मागितली. एकाला आठवतच नव्हतं. दुसऱ्याला चांगलंच आठवत होतं.

त्या कापूस वेचणाऱ्या बाईलाही मी सांगितलं, बऱ्याच उशिरा. ती म्हणाली, "तुमी एकट्यानं थोडी सांगतलं, सरपंचबी तसाच म्हने." मग विषय बदलून तिनं मला सुनेच्या बाळंतपणाचं विचारलं. माफ केलं की झटकून टाकलं, मला कळलं नाही.

आता फुले योजना सगळ्यांना आहे. जुलै २०२३ च्या शासननिर्णयानं पाच लाखांपर्यंतचं कवच राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना द्यायचं ठरलं, पुढच्या वर्षी ते लागू झालं. पांढरं, केशरी, पिवळं हा भेद कागदावर संपला. सत्तर आणि त्याहून जास्त वयाच्यांना केंद्राचं वेगळं कार्ड २०२४ च्या ऑक्टोबरपासून. कुठल्याच पक्षाची सभा आता विम्याशिवाय होत नाही आणि विम्याला उघड विरोध करणारा आमदार मला माहीत नाही. दवाखाने म्हणतात दर परवडत नाहीत, पैसे उशिरा मिळतात. रुग्ण म्हणतात कॅशलेस म्हणून गेलो आणि डिपॉझिट भरलं. दोन्ही खरं असू शकतं. आम्ही दोन वर्षांपूर्वी पहिली जनसुनावणी घेतली, जिच्यात उपकेंद्राची नर्स आणि योजनेतला खासगी दवाखाना एकाच मांडवात होते. दवाखान्याचा मालक आला नाही, मॅनेजर आला. घामाघूम झाला, पण आला.

आमच्यातलेच एक जुने सहकारी, ज्यांच्याबरोबर मी ते पत्रक घरोघर वाटलं होतं, माझ्यावर रागावलेले आहेत. त्यांचं म्हणणं असं की तुमच्या टेबलामुळं लोकांना खासगीत जायची सवय लागली, तालुक्याच्या सरकारी रुग्णालयातली ऑपरेशनं कमी झाली असतील, आणि उद्या सरकार म्हणेल की इथं सर्जनची गरजच उरली नाही. मी म्हटलं, असं काही नाही. ते म्हणाले, आकडे दाखव. माझ्याकडे नव्हते. आमच्या वहीत खासगी दवाखान्यातलं प्रत्येक ऑपरेशन लिहिलेलं आहे, सरकारी रुग्णालयातलं एकही नाही. गेल्या दहा वर्षांच्या शस्त्रक्रियांची नोंद मागणारा माहिती अधिकाराचा अर्ज टाकला आहे, त्या तरुण मुलीनं लिहिलेला. त्यांचा अंदाज खरा निघाला तर मला असाच आणखी एक लेख लिहावा लागेल.